पुस्तक विकत घ्यायचं ते दुसऱ्यांदा वाचायला

तीन वर्षांपूर्वी आम्ही घर बदललं. सामान हलवायला आलेल्या पोरांपैकी एकानं पुस्तकांचा चौथा खोका उचलताना धापा टाकत विचारलं, "ताई, हे सगळं वाचलंय का तुम्ही?" मी बिनदिक्कत हो म्हणून टाकलं. मग नव्या घरात खोके उघडून बसले तेव्हा एकेका पुस्तकानं माझं पितळ उघडं पाडलं. एकात पान २२ वर २०१४ चं लोकलचं तिकीट होतं, एकाचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं, आणि एक तर चक्क दोनदा घेतलेलं, दोन्ही वेळा प्रदर्शनातून, दोन्ही वेळा "डिस्काउंट आहे ना, घेऊन टाकू" म्हणून.

त्या दिवशी मी एक उलटा नियम केला आणि तो आजपर्यंत टिकलाय (डाएट टिकलं नाही, हा टिकला). पहिल्यांदा वाचायचं ते मागून आणून, आणि विकत घ्यायचं ते दुसऱ्यांदा वाचायला. ऐकायला कंजूषपणा वाटेल पण यातून निवडणं, वाटणं आणि परत वाचणं या तिन्ही गोष्टी आपोआप मार्गी लागतात, कशा ते सांगते.

पहिलं काम म्हणजे लायब्ररी लावा. हो, अजून असतात. तुमच्या गावात कुठेतरी बँकेच्या वरच्या मजल्यावर किंवा देवळाच्या मागच्या बोळात नक्की असेल. आमच्या ठाण्यातलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आहे, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं आणि रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय तर १८२८ चं, म्हणजे मुंबई-ठाणे रेल्वे धावायच्या २५ वर्षं आधीचं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे मान्यता असलेल्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं, ते पुरत नाही ही रड सगळीकडे ऐकू येते, पण त्यामुळे वर्गणी तरी आपल्याला परवडेल अशी राहते. एक फोटो, आधारची झेरॉक्स, अनामत रक्कम, झालं.

आता लायब्ररीत गेल्यावर लोक थेट कपाटाकडे जातात आणि पाठ वाचत वाचत मान दुखवून घेतात. तसं करू नका. काउंटरच्या बाजूला परत आलेल्या पुस्तकांचा ढीग असतो, अजून कपाटात न लावलेला, आधी तो बघा. त्यातलं प्रत्येक पुस्तक गेल्या एकदोन दिवसांत कोणाच्या तरी हातातून आलेलं असतं. मग शेवटचं पान उलटा. तिथे तारखांच्या शिक्क्यांची चिठ्ठी चिकटवलेली असते, ही चिठ्ठी म्हणजे माझ्या मते मराठीतलं सगळ्यात प्रामाणिक पुस्तक परीक्षण आहे. चिठ्ठीवर चिठ्ठी चिकटवून जाड थर झालाय म्हणजे पुस्तक हातोहात फिरतंय. चार शिक्के आणि शेवटचा १९९८ चा, म्हणजे एकतर ते रटाळ आहे नाहीतर तुमचीच वाट बघत बसलंय. असली पुस्तकं मी मुद्दाम महिन्यातून एक आणते, दहातली सहा-सात परत करते, पण उरलेल्या तीनचारांसाठी मी कोणाचीही ऋणी व्हायला तयार आहे.

आणि पेन्सिलीतले शेरे! लायब्ररीच्या पुस्तकात लिहू नये हे शंभर टक्के मान्य. तरी एका कादंबरीच्या पहिल्याच पानावर कोणीतरी लिहिलं होतं "भिकार, वाचू नये", त्याखाली दुसऱ्या अक्षरात "तुम्हाला कळली नसेल", आणि त्याखाली तिसऱ्यानं, बहुतेक एखाद्या आजोबांनी, थरथरत्या अक्षरात "पहिली ६० पाने सोडून वाचावी". मी आजोबांचं ऐकलं. बरोबर होते ते.

निवडताना मलपृष्ठावरचा मजकूर वाचून काही कळत नाही, तिथे प्रत्येक पुस्तक अस्वस्थ करणारं आणि अंतर्मुख करणारं असतं. मधलं कुठलंही पान काढा आणि अर्धं पान मनातल्या मनात न वाचता ओठ हलवत वाचा, लोक बघतील, बघू द्या. जिभेला अडखळायला झालं तर पुढची दोनशे पानंही तशीच अडखळत जाणार. अनुवाद असेल तर मुद्दाम संवादाचं पान काढायचं. माणसं एकमेकांशी माणसांसारखी बोलतायत की अर्ज केल्यासारखी, ते चार ओळींत समजतं. अनुवादकाचं नाव लक्षात ठेवायची सवयही लावून घ्या, चांगल्या अनुवादकाच्या मागून गेलं की अशा अशा लेखकांपर्यंत पोचतो ज्यांची नावंसुद्धा आपण ऐकलेली नसतात.

नवीन लेखक शोधायचे असतील तर दिवाळी अंकांसारखं साधन नाही. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही आपली चाल आहे, आणि एका अंकात दहा-पंधरा लेखकांची चव बघायला मिळते. मी काय करते, एखादी कथा आवडली की लेखकाचं नाव मोबाइलमध्ये एका नोटमध्ये टाकते, पुढे लायब्ररीत गेले की ती नोट काढून काउंटरवरच्या बाईंना विचारते. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या "आयुष्यात वाचायलाच हवीत अशी १०० पुस्तकं" असल्या याद्या मात्र डिलीट करा. त्या याद्या बनवणाऱ्यानं ती सगळी वाचली असतील यावर माझा विश्वास नाही आणि दडपणाखाली पुस्तक वाचलं की ते औषधासारखं लागतं.

आणि हो, अर्धवट सोडायला शिका. आमच्या घरात ताटात टाकायचं नाही या शिस्तीत वाढलेल्या माणसांना हे फार जड जातं. चार वेळा घेऊन बसलात आणि चारही वेळा झोप लागली तर पुस्तक परत द्या, दोन वर्षांनी पुन्हा आणा, नाहीतर नका आणू.

आता विकत कधी घ्यायचं. पुस्तक लायब्ररीत परत केल्यावर महिनाभर काहीच करायचं नाही. महिन्यानंतरही तुम्ही पोळ्या लाटताना किंवा लोकलमध्ये मैत्रिणीला त्यातलं काहीतरी सांगताय, एखादं वाक्य नीट आठवेना म्हणून चिडचिड होतेय, तर जा आणि घ्या. माझी खरेदी या एका नियमानं इतकी कमी झाली की उरलेल्या पैशांत मी तेच पुस्तक दोन प्रतींत घेऊ शकते, का ते पुढे येतंच.

जुनी पुस्तकं घ्यायची असतील तर पुण्यात अप्पा बळवंत चौकाचा परिसर, मुंबईत फोर्टातले आणि किंग्ज सर्कलचे फूटपाथ. तिथे वेळ हाताशी ठेवून जा आणि घेण्याआधी पानं मोजा, खरंच मोजा. छापताना पुस्तक १६-१६ पानांच्या फॉर्मात छापतात आणि मग ते फॉर्म जोडून बांधतात, त्यामुळे बायंडिंगमध्ये गडबड झाली की एकदोन पानं नाही, अख्खे फॉर्म इकडचे तिकडे होतात. माझ्याकडे एक रहस्यकथा आहे जिच्यात पान ३३ ते ४८ दोनदा आलंय आणि ४९ ते ६४ गायब. नेमका खून त्या १६ पानांत झालाय. खुनी कोण ते शेवटी कळलं पण मेला कोण कधी कसा हे मला आजतागायत नीट माहीत नाही. फूटपाथवर गाजलेल्या पुस्तकांच्या चोरून छापलेल्या प्रतीही मिळतात, त्या ओळखायच्या कागदावरून. मागच्या पानाची अक्षरं आरपार दिसतात, छपाई कुठे गडद कुठे फिकी असते आणि कडेची अक्षरं कापलेली. असली प्रत घेऊ नका, लेखकाला त्यातला छदामही मिळत नाही.

जुन्या पुस्तकांची खरी मजा पहिल्या पानावर असते. "चि. हिस दहावी पास झाल्याबद्दल, आत्याकडून" असं लिहिलेलं, तारीख घातलेली. त्या आत्यानं दिलेलं पुस्तक फूटपाथवर कसं आलं याचा विचार करत मी एकदा दोन स्टेशनं पुढे गेले होते.

तर आता दोन प्रतींचं सांगते. पुस्तक उसनं द्यायचं म्हटलं की आपल्याकडे माणसांचे दोन गट पडतात, एक "माझं पुस्तक मी कोणाला देत नाही" वाले आणि दुसरे देऊन बसलेले. पहिल्यांची परंपरा फार जुनी आहे. हाती लिहिलेल्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक एक श्लोक लिहून ठेवायचे:

तैलाद् रक्षेज्जलाद् रक्षेद् रक्षेच्छिथिलबन्धनात् ।
मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम् ॥

म्हणजे पुस्तक स्वतःच सांगतंय, मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, ढिल्या बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हातात देऊ नका. पहिल्या तीन गोष्टी जमतात. चौथीत पंचाईत अशी की मूर्ख कोण हे पुस्तक परत आल्यावरच कळतं, किंवा न आल्यावर.

मी भांडत बसण्यापेक्षा सोय केली. जे पुस्तक मनापासून आवडलंय आणि सारखं कोणाला तरी द्यावंसं वाटतंय त्याच्या दोन प्रती, एक कपाटातली आणि एक फिरती. फिरती बहुतेक सेकंडहँड असते. तिला खाकी कव्हर घालायचं, शाळेच्या वहीला घालतो तसं, वर मार्करनं नाव, आणि आतल्या बाजूला एक कोरा कागद चिकटवायचा ज्यावर वाचणाऱ्यानं आपलं नाव आणि महिना लिहायचा. लायब्ररीच्या चिठ्ठीवरूनच सुचलं हे. गंमत म्हणजे कागदावर आधीची नावं दिसली की लोक पुस्तक नीट वापरतात, आणि परतही करतात, कारण पुढच्याला द्यायचंय हे डोळ्यांसमोर असतं. माझ्या एका फिरत्या प्रतीवर अकरा नावं झालीत, त्यातली तीन माणसं मी कधी भेटलेलीसुद्धा नाही.

बाकी एक साधी १०० पानी वही करा: पुस्तक, कोणाला, कधी, आलं. फोनमध्ये नको, फोनमधली यादी कोणाला दिसत नाही. वही दाराजवळच्या टेबलावर ठेवायची आणि पुस्तक नेणाऱ्याच्या हातात पेन देऊन त्यालाच लिहायला लावायचं. आपण लिहिलं की हिशेब ठेवल्यासारखं वाटतं, त्यानं लिहिलं की तो स्वतःच बांधला जातो. मुदत तारखेत सांगू नका, सणात सांगा, "गणपतीच्या आत दे" किंवा "संक्रांतीला तिळगूळ घ्यायला येशील तेव्हा आण". तारीख विसरते, सण कोण विसरणार. आणि मागताना "वाचलंस का?" असं विचारायचं नाही, समोरचा ओशाळतो आणि मग आपल्यालाच टाळायला लागतो, त्यापेक्षा "कुठपर्यंत आलीस?" म्हणा. दहाव्या पानावर असेल तर सांगेल आणि दोघी हसाल, आणि बऱ्याचदा ती तिथेच म्हणेल की अगं नाही जमत आहे, घेऊन जा.

पुस्तक देताना आपल्याला काय आवडतं ते देऊ नका हा अजून एक शहाणपणा मला उशिरा आला. माझ्या जाऊबाईंना मी तीन वर्षं कविता देत होते, त्या तीन वर्षं नीट कव्हर घालून परत देत होत्या. मग एकदा सहज शिकारकथा दिल्या तर दोन दिवसांत संपवून "अजून आहेत का हो?" म्हणून फोन. माणूस टीव्हीवर काय बघतो, गप्पा कशाच्या मारतो, ते बघून पुस्तक द्यायचं.

जरा मोठ्या प्रमाणावर करायचं असेल तर दिवाळी अंकांची साखळी करा, आमच्या बिल्डिंगमध्ये पाच घरांत चालते. पाच घरांनी पाच वेगळे अंक घ्यायचे (आधी ग्रूपवर ठरवून, नाहीतर तिघी तोच अंक आणतात, अनुभव आहे) आणि दर दहा दिवसांनी रविवार असो नसो आपल्याकडचा अंक खालच्या मजल्यावर द्यायचा, तळमजल्यानं सगळ्यात वरच्या घरी. पन्नास दिवसांत पाचही अंक सगळ्यांचे वाचून होतात आणि प्रत्येकाचा खर्च एकाच अंकाचा. मोठा नमुना बघायचा तर नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं २००९ मध्ये सुरू केलेलं 'ग्रंथ तुमच्या दारी' बघा, २५ पुस्तकांची एक पेटी, ती काही घरांत मिळून वाचायची आणि मग पेटीच बदलायची. या पेट्या पार दुबईपर्यंत गेल्यात. आणि सुट्टीत महाबळेश्वरला जाणार असाल तर वाटेत पाचगणीच्या पुढे भिलारला थांबा, ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, लोकांच्या घरांत पुस्तकं ठेवलीत, कुठल्याही घरी जाऊन वाचत बसायचं. स्ट्रॉबेरी खाल्लेले हात आधी धुवा फक्त.

आता परत वाचण्याचं, खरं तर याच्यासाठीच एवढा खटाटोप.

मोठ्यांदा वाचा. मागच्या पावसाळ्यात आम्ही घरी 'श्यामची आई' वाचली. लहानपणी मी ती एकटीनं वाचून उशी भिजवली होती, त्यामुळे सगळ्यांसमोर वाचायला जरा धाकधूक होती. साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, १९३३ च्या फेब्रुवारीत ९ ते १३ तारखेच्या दरम्यान, पाच दिवसांत! आणि त्याची रचनाच अशी की आश्रमात श्याम रोज रात्री मित्रांना एकेक आठवण सांगतो, म्हणून प्रकरणं नाहीत, रात्री आहेत, पहिली रात्र, दुसरी रात्र, अशा ४२. म्हणजे ते एका बैठकीत संपवायचं पुस्तकच नाही, रोज रात्री जेवणं झाल्यावर एक, एवढंच. इतकी वर्षं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तर आम्ही तसं केलं. फोन सगळे स्वयंपाकघरात ओट्यावर, वाचायची पाळी रोज वेगळ्याची. सासूबाई आधी म्हणाल्या मला चष्म्याशिवाय दिसत नाही, तुम्ही वाचा मी ऐकते. तिसऱ्या रात्री लेकानं एक कोकणातला शब्द चुकीचा वाचला तशा त्या अंधारातूनच म्हणाल्या "तसं नाही रे", आणि चौथ्या रात्री चष्मा घालून पुस्तक हातात घेऊन बसल्या होत्या. पत्रावळ लावायला श्याम कंटाळतो त्या रात्री त्यांनी वाचन थांबवून आम्हाला अर्धा तास पत्रावळ कशी लावायची, चोय (पानं टाचायची काडी) कशी टोचायची, ते हातवारे करून दाखवलं. घरात पळसाचं पान कुठून येणार, लेकानं वर्तमानपत्राचे तुकडे आणि टूथपिक आणल्या. झाली बऱ्यापैकी गोल. त्यात त्याला चिवडा दिला.

मी लहानपणी वाचताना श्याम होते. आता वाचताना आई झाले होते, हे अपेक्षितच होतं, पण मधूनच मला श्यामच्या वडलांचं वाईट वाटायला लागलं, कर्जात बुडालेला माणूस, आणि ते तर मला पूर्वी दिसलेच नव्हते. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला मला आधीपासूनच ते दिसत होते. ४२ रात्रींना आम्हाला सव्वादोन महिने लागले, मध्ये पाहुणे, मध्ये युनिट टेस्ट, मध्ये क्रिकेट. खाडे झाले तर होऊ द्यायचे.

प्रत्येक पुस्तक मोठ्यांदा वाचायचं नसतं. काही पुस्तकं तुकड्यातुकड्यांनी परत वाचायची. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' माझ्या उशाशी असतं. ते मुळात १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलं, त्यामुळे कुठूनही उचललं तरी चालतं. त्यांच्या वडलांच्या सोवळ्याच्या वेडाचे प्रसंग मी कितीदा वाचलेत मोजदाद नाही, तरी दरवेळी हसू येतं आणि दरवेळी हसून झाल्यावर घरातल्या बायकांचे त्यात काय हाल झाले असतील ते आठवून हसू आवरतं.

एक गंमत करून बघा. पुस्तक परत वाचायला घेण्याआधी त्यातलं आपल्याला काय आठवतंय ते चार ओळींत कागदावर लिहा आणि कागद शेवटच्या पानात ठेवा. वाचून झाल्यावर काढा. मला एका कादंबरीतला पावसातल्या एसटी स्टँडचा प्रसंग लख्ख आठवत होता, पूर्ण पुस्तक वाचलं, त्यात एसटी स्टँडच नाही! मी ते पुस्तक पहिल्यांदा वाचलं होतं महाडच्या स्टँडवर, गाडीची वाट बघत. शिवाय शेवटच्या पानावर पेन्सिलीनं वाचून संपवल्याचा महिना आणि वर्ष लिहीत चला, स्वतःच्या प्रतीवर लिहायला काही हरकत नाही.

काही पुस्तकं दुसऱ्या वाचनात पडतात, धाडकन. कॉलेजात ज्याच्यावरून मी भांडले होते अशा एका पुस्तकातली बाई आता मला नुसती रडकी वाटली. हरकत नाही, ती प्रत खाकी कव्हर घालून फिरतीत टाकली, कोणातरी वीस वर्षांच्या मुलीला लागेल.

जपण्याबद्दल थोडक्यात. पावसाळ्यात कपाट भिंतीला चिकटून ठेवू नका, चार बोटं जागा सोडा. कसर लागू नये म्हणून वेखंडाची पुरचुंडी कपाटात ठेवा, आमच्याकडे डांबराच्या गोळ्यांनी सासूबाईंना ठसका लागतो म्हणून वेखंड. ऑक्टोबरात सगळी पुस्तकं बाहेर काढून पंख्याखाली उघडी करा, कडक उन्हात नको, पानं पिवळी पडून कडा वळतात. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावणाऱ्याला मी पुस्तक देत नाही, दोन वर्षांत ती टेप तपकिरी होते आणि अक्षरांसकट निघते. बायंडरकडे द्या.

आणि वहीतल्या उघड्या ओळी अधूनमधून बघत चला. माझ्या वहीत सध्या एकच जुनी ओळ राहिलीय, २०१९ ची, मामेभावाच्या अक्षरात, नेलं त्या कॉलममध्ये तारीख आणि आलं हा कॉलम कोरा. त्यानं फिरती प्रत नाही, कपाटातली नेलीय, तेव्हा दोन प्रतींचा नियम झालेला नव्हता. यंदा गणपतीला येतो म्हणालाय. मी फोनवर विचारलं, कुठपर्यंत आलास? तर म्हणतो, ताई, तिसऱ्यांदा वाचतोय.

आता मागू कसं?